पाण्यावर चालणारी क्रेन

१ ऑगस्ट

यंदा विज्ञान प्रदर्शन माझ्याकडे आलं. मुख्याध्यापिकाबाईंनी मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर सांगितलं, त्यामुळे आता कुणी मध्ये पाचर मारू शकणार नाही. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या ज्वालामुखींना व्हिनेगर पुरवत आलो. बक्षीस त्यांना, फरशी पुसायला मी.

बाईंची अट एकच. शाळा एक छदाम देणार नाही. "टाकाऊतून टिकाऊ हाच विषय ठेवा, म्हणजे तुम्ही पैसे मागायचा प्रश्नच नाही," म्हणाल्या. त्यांना वाटलं मी तोंड पाडेन. पण काटकसर म्हणजे माझा हातखंडा विषय. आमच्या घरात संपलेल्या रिफिललासुद्धा पेन्शन मिळते.

घरी येऊन हिला सांगितलं. ही मशीनवर बसली होती, ओठांत टाचण्या धरलेल्या, म्हणून नुसतं "हं" म्हणाली. टाचण्या काढल्यावर म्हणाली, "छान झालं. आता माझ्या कपाटातले रिकामे रीळ तेवढे नेऊ नका." बाईमाणसाला शोधक वृत्तीचं कौतुक नसतं.

४ ऑगस्ट

सापडलं! पाण्यावर चालणारी क्रेन. दोन सिरिंजा, मध्ये एक नळी, आत पाणी. एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा वर येतो आणि पुठ्ठ्याचा हात उचलला जातो. आणि एकच मोठं मॉडेल करून काचेत ठेवायचं नाही, वर्गातल्या प्रत्येकाने आपापली क्रेन करायची. अख्खी रांगच्या रांग एकदम मान वर करेल. डोळ्यांसमोर आणलं तरी अंगावर काटा येतो.

वर्गात विचारलं, कुणाकुणाला करायची, हात वर करा. माझ्या वर्गात हात वर होतात, हे मी अभिमानाने लिहितो. शेजारच्या वर्गात मुलं बाकाखाली बघतात. खिडकीजवळच्या मुलीने नेहमीप्रमाणे दोन्ही हात वर केले. तिला मी दोन्हीहाती असंच म्हणतो. तिला पुन्हा सांगितलं, एका माणसाला एकच हात, नाहीतर माझी मोजणी चुकते. ती हसली आणि एक हात खाली घेतला.

आता एवढ्या सिरिंजा आणायच्या कुठून? दुकानातून आणल्या तर टाकाऊ कसल्या?

७ ऑगस्ट

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. आज डबल डोसकडे गेलो होतो. हा आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या दवाखान्यातला कंपाउंडर. कुठलीही तक्रार सांगा, "डबल डोस घ्या," म्हणतो, म्हणून हे नाव. त्याला सिरिंजांचं विचारलं तर मला हाताला धरून मागच्या जिन्याखाली घेऊन गेला. तिथे पोत्यांवर पोती. कचऱ्याची वेगळी गाडी येते म्हणे, पण ती कधी येते, कधी नाही. दोन पोती कुत्र्यांनी फाडलेली होती आणि बँडेजचा कापूस पायरीवर आला होता. वासही होता. दवाखान्याचाच वास, त्याला काय करणार.

खरं तर प्रत्येक सिरिंज वापरल्यावर कापून टाकायची असते. त्यासाठी एक छोटं यंत्र आहे, पण ते गंजून पडलंय आणि डॉक्टर नवं आणत नाहीत. यंत्र बिघडलं म्हणून माझं नशीब उघडलं. चांगली, अखंड वस्तू मुद्दाम मोडून फेकायची, याला काय म्हणावं? असल्या नासाडीने देश बुडतात.

डबल डोस म्हणाला, "न्या मास्तर, माझंच ओझं हलकं होईल. फक्त धुऊन घ्या." एवढं सांगितलं म्हणजे माणूस जबाबदार आहे.

८ ऑगस्ट

सुट्टी टाकून धुण्याचा कार्यक्रम केला. पहिला घाणा उकळून पाहिला. विज्ञानाचा शिक्षक आहे, जंतूंचा धडा दरवर्षी शिकवतो. पण उकळल्यावर रबर फुगलं आणि दट्ट्या जागचा हलेना. त्या सगळ्या वाया गेल्या, जीव हळहळला. मग कोमट पाणी आणि कपड्यांचा साबण. बादलीतलं पाणी थोडं गुलाबी झालं. औषधाचा रंग असेल. तीन पाण्यांतून काढल्यावर काचेसारख्या लख्ख झाल्या.

ही आधी कुरकुरली की स्वयंपाकघरात ही घाण नको. पण मला एकट्याला धुताना बघून पदर खोचून आलीच. तिच्या हाताला वेग आहे. बऱ्याच सिरिंजांना सुया तशाच होत्या, काहींची टोपणं गळून पडलेली. ही सुया ओढून वाटीत टाकत होती. एक अंगठ्याच्या खाली चांगली खोल घुसली. रक्त आलं. मी जरा घाबरलो, तर म्हणाली, "शिवणाऱ्या बाईला सुईचं काय कौतुक? रोज टोचते." अंगठा चोखला आणि पुढच्या सिरिंजेला हात घातला.

वाटीभर सुया बघून मला जे सुचलं ते नोंदवून ठेवतो. क्रेनचा हात जिथे वळतो तिथे बारीक आस लागतो. खिळा जाड पडतो, काडी मोडते. ही सुई मात्र बरोबर त्या मापाची, ताठ, न गंजणारी. मी आणि हिने रात्रीच्या जेवणाआधी पहिली क्रेन जोडली. ही पुठ्ठा धरून होती आणि सवयीने सुया ओठांत. क्रेनने काड्यापेटी उचलली तेव्हा दोघंही लहान मुलांसारखे हसलो. बऱ्याच दिवसांनी.

१६ ऑगस्ट

वर्गात क्रेनचा कारखाना. सुरक्षिततेचा विचार करून सुयांची टोकं फरशीवर घासून बोथट करायला लावली. वर्गभर असा काही खरखर आवाज उठला की शेजारच्या वर्गातून निरोप आला. एकदोघांना टोचलं, थोडं "आई गं" झालं. मी सांगितलं, कारागिराच्या बोटाला टोचल्याशिवाय कारागिरी येत नाही. मुलांना ते वाक्य आवडलं.

वर्गातल्या सगळ्यात उंच लंबूने सिरिंजेत पाणी भरून पुढच्याच्या मानेवर उडवलं, मग सगळ्यांनीच उडवलं, काहींनी तोंडात. दटावलं, पण मनातून रागावलो नाही. मुलं हातात वस्तू घेऊन शिकतात ती अशी.

दोन्हीहातीने क्रेन घरी नेऊ का विचारलं. घरी धाकटी बहीण आहे, अजून शाळेत जात नाही, तिला दाखवायची आहे. मी म्हटलं, ने, सगळ्यांनीच न्या. शास्त्र घराघरांत गेलं पाहिजे.

२ सप्टेंबर

शाळेचं प्रदर्शन झालं. सगळ्या क्रेननी एकदम माना वर केल्या. पाहुण्यांनी स्वतः दट्ट्या दाबून बघितला आणि दोनदा "वा" म्हणाले. बाई माझ्या शेजारी उभ्या राहून फोटो काढून घेत होत्या, जणू कल्पना त्यांचीच. असू दे. नाकापेक्षा मोती जड होऊ नये, एवढं भान मला आहे.

२१ सप्टेंबर

मोठ्या प्रदर्शनासाठी निवड झाली, आणि त्याहून मोठी बातमी म्हणजे क्रेनची कृती सगळ्या शाळांना पाठवायची ठरली आहे. छोटी पुस्तिका, आकृत्यांसह. मजकूर मीच लिहिला. साहित्याखाली लिहिलं: जवळच्या दवाखान्यात चौकशी करावी, वापरलेल्या सिरिंजा व सुया विनामूल्य मिळतात. मुखपृष्ठावर माझं नाव येईल. हिला वाचून दाखवलं. म्हणाली, "धुणाऱ्या बाईचंही टाका की." मी म्हटलं, पुढच्या आवृत्तीत.

८ ऑक्टोबर

पहिलं बक्षीस! ढाल इतकी जड की येताना हात बदलावे लागले. क्रेन आणि ढाल पुढच्या खोलीतल्या कपाटावर शेजारी शेजारी ठेवली.

एक रुखरुख राहिली. ही आली नाही. नवी साडी इस्त्री करून ठेवली होती, पण सकाळी उठली ती बोटांचे सांधे दुखतात म्हणून. दंडावर पुरळही उठलं होतं. आयुष्यभर मशीन चालवलं की सांधे बोलणारच. मी थोडा रागावलोही. माझ्या आयुष्यातला एक दिवस, आणि नेमके त्याच दिवशी सांधे. आता लिहिताना वाटतं, तेवढं बोलायला नको होतं.

२० ऑक्टोबर

हिचं जेवण सुटलं आहे. दोन घास खाते आणि ताट सरकवते. चहाचा वास नको म्हणते, आणि ही बाई चहाशिवाय डोळे उघडत नसे. "वय झालं," एवढंच म्हणते. मी डबल डोसकडून शक्तीची गोळी आणली.

लंबू चार दिवस शाळेत नव्हता. आज त्याचे वडील सांगायला आले, कावीळ झाली आहे. माझी ट्यूब लगेच पेटली. शाळेची पाण्याची टाकी! वर्षानुवर्षं कुणी आत डोकावलेलं नाही. बाईंना स्पष्ट सांगितलं की मुलांच्या जिवाशी खेळ चालला आहे आणि मी तो चालू देणार नाही.

२७ ऑक्टोबर

टाकी साफ झाली. तळाशी बोटभर गाळ, एक चप्पल आणि मेलेली पाल निघाली. मुख्य म्हणजे माझं म्हणणं सर्वांना पटलं. मुलांना गाळ दाखवला आणि सांगितलं, रोग असा लपून बसलेला असतो, आपल्या नाकाखाली, आणि आपण रोज त्यालाच तोंड लावतो. दोन्हीहाती वहीत लिहून घेत होती.

घरी आलो तर ही मशीनवर डोकं टेकून झोपलेली. पाय पॅडलवरच. कापड सुईखाली तसंच. दोन हाकांना उठली नाही, तिसरीला उठली.

३० ऑक्टोबर

एक बाई पिवळं कापड शिवायला देऊन गेल्या होत्या. ते मांडीवर घेऊन ही बसली होती आणि मला तिचे डोळे पिवळे दिसले. कापडाची झाक पडली असेल असं आधी वाटलं. कापड बाजूला केलं, तिला खिडकीशी नेलं. डोळे तसेच. मग म्हणाली की लघवी कधीपासूनच गडद होते आहे, सांगायचं कसं म्हणून गप्प राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि बायको मला हे सांगायला लाजते. माझा मलाच राग आला.

डबल डोसवर न थांबता मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण नीट विचारपूस करतात. मी आधीच सांगितलं की शाळेतल्या टाकीचं पाणी मी बाटलीतून घरी आणतो, तेच कारण. त्यांनी मान डोलावली आणि तरी विचारत राहिल्या. रक्त चढवलंय का? ऑपरेशन? दात काढला? एवढ्यात कुठे सुई टोचली होती का?

ही एवढ्या त्रासातही हसली. म्हणाली, "डॉक्टर, मी शिवणकाम करते. सुई टोचली नाही तो दिवस विचारा." डॉक्टरीणबाई हसल्या. मीही हसलो.

रक्त तपासायला घेतलं. नर्सने सुई काढली, लगेच एका जाड डब्याच्या भोकात टाकली आणि झाकण लोटलं. धुऊन किती वेळा वापरता आली असती, असं मनात आलं. सवयच आहे.

२ नोव्हेंबर

रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही पाण्याची कावीळ नाही. ही रक्तातून येते. दुसऱ्या कुणाचं तरी रक्त यांच्या रक्ताला लागलंय." मी म्हटलं, शक्यच नाही, ही तर घराबाहेर फारशी पडतही नाही. त्या म्हणाल्या, थेंबभरही लागत नाही. वाळलेलं, डोळ्यांना न दिसणारं रक्तसुद्धा काही दिवस जिवंत विष असतं. बहुतेक माणसं यातून बरी होतात. काहींचं यकृत एकदम हात टेकतं. गुंगी वाढली, बोलणं असंबद्ध झालं, तर क्षणभर न थांबता आणा.

घरी येऊन हिला पलंगावर झोपवलं आणि पुढच्या खोलीत येऊन बसलो. समोर कपाटावर ढाल, शेजारी क्रेन. क्रेनच्या हातात सुई. तिच्या बारीक भोकाकडे मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. गुलाबी पाणी आठवलं. अंगठा आठवला. ओठांत धरलेल्या सुया आठवल्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी टाकीत उतरलो होतो.

मग लंबू आठवला, आणि फरशीवरची ती खरखर.

हिला सांगितलं. रडलो तिच्यासमोर. मला वाटलं शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाली, "माझं डॉक्टर बघतायत. तुम्ही आधी शाळेत जा."

३ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या भराभर लिहीत गेल्या. मुलांना लवकर तपासायला पाहिजे. कुणाला लहानपणी लस मिळाली असेल, कुणाला नसेल. काही मुलांना अजून काहीच जाणवत नसेल आणि रोग आत असेल. मूल जितकं लहान, तितका तो अंगात मुक्काम करून राहतो, वर्षानुवर्षं. म्हणाल्या, "आणि एक नाही, सुईतून याहूनही वाईट रोग येतात. मला प्रत्येक मूल हवं."

तिथून डबल डोसकडे गेलो. जिन्याखाली पोती जवळजवळ संपली होती. मी ओरडायला तोंड उघडलं, तर तो खुशीतच म्हणाला, "तुमच्यामुळे जिना रिकामा झाला मास्तर. तीन शाळांचे शिक्षक येऊन घेऊन गेले. तुमचंच पुस्तक होतं हातात." कुठल्या शाळा, तेही त्याला ठाऊक नाही. खाली बसलो पायरीवर.

मुख्याध्यापिकाबाईंना भेटून सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाल्या, एका मुलाची कावीळ टाकीची म्हणून सगळ्यांना सांगून झालंय, ढालीचे फोटो छापून आलेत, पुस्तिका शाळाशाळांत गेली आहे. "आपण होऊन वर्गात विचारायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. थोडं थांबा, तुमच्या मिसेसचं काय होतं ते बघू." म्हणजे ही जगते का, ते बघू.

खरं लिहायचं तर, त्यांच्या खोलीतून बाहेर पडताना मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. वरिष्ठांनीच थांबायला सांगितलंय, मी काय करणार? जिना उतरेपर्यंत ती सुटका टिकली. खाली व्हरांड्यात मुलं क्रेन घेऊन पैजा लावत होती.

घरी आलो तेव्हा ही झोपलेली होती. एका हाकेला उठली. विचारलं, आज वार कोणता. बरोबर सांगितला. आता तासातासाला हेच विचारतो. चिडते, ते मला फार बरं वाटतं.

४ नोव्हेंबर

सकाळी सगळ्या शाळांना पत्रं टाकली, पुस्तिकेवरचं नाव माझं आणि चूकही माझीच, इथूनच सुरुवात करून. क्रेन वापरू नका, हातमोज्यांशिवाय हाताळू नका, मुलांना तपासा. बाईंना प्रत दिली. उत्तरासाठी थांबलो नाही. हिच्यापाशी तिची बहीण येऊन बसली आहे. निघताना हिने हाक मारून सांगितलं, "मुलांना घाबरवू नका हं." आवाज बारीक झालाय.

वर्गात गेलो. लंबूची जागा रिकामी. खडू हातात घेतला आणि ठेवला. मुलांना सांगितलं की आपल्या क्रेनमध्ये माझी एक मोठी चूक झाली आहे. तुमची नाही, माझी. कुणाला शिक्षा नाही, कुणावर रागावणार नाही, पण खरं सांगायचं. मग विचारलं, क्रेन करताना किंवा नंतर, घरी किंवा शाळेत, ज्याला ज्याला ती सुई टोचली, त्यांनी हात वर करा.

कुणीच हलेना. मला वाटलं, देवा, एवढं पदरात टाक. मग मागच्या बाकावरून एक हात वर आला. त्याच्या शेजारचा. मग मधल्या रांगेतले दोन, मग भिंतीकडचे सगळे. या वर्गात हात वर होतात, असं मी इथेच कुठेतरी अभिमानाने लिहिलं आहे. मी मोजायला सुरुवात केली आणि मध्येच आकडा विसरलो. पुन्हा पहिल्यापासून मोजू लागलो.

खिडकीशी आलो. तिने नेहमीसारखे दोन्ही हात वर केले होते.

सवयीने तोंडातून निघून गेलं, "एकच हात."

"सर, दुसरा माझ्या बहिणीचा आहे," ती म्हणाली.